तालमीचा हिशेब

एका धंद्यात मिळवलेला पैसा दुसऱ्या धंद्यात घालणे व्यापारी घराण्यांना नवे नाही. कापडाच्या दुकानाच्या जोरावर तेलाची गिरणी उभी राहते आणि गिरणी चालली तर पुढची पिढी तिलाच मूळ धंदा म्हणू लागते. पण दुसऱ्या धंद्यात परतावा मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असावे आणि तरीही पंचवीस वर्षे त्यात रक्कम ओतत राहावे, अशी उदाहरणे विरळा. अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा हे असे एक उदाहरण होते. रॉक संगीताच्या मैफली आणि ध्वनिमुद्रिका यांवर त्यांनी कमावले आणि त्यातला मोठा भाग वाद्यवृंदासाठी लिहिलेले आपले संगीत एकदा तरी नीट ऐकायला मिळावे यासाठी खर्च केला. त्या खर्चातून त्यांना काय मिळाले आणि काय पैशाने मिळू शकले नाही, याचा हिशेब मोठा उद्बोधक आहे.

झॅपा यांचा जन्म २१ डिसेंबर १९४० रोजी बाल्टिमोर येथे झाला. वडील मूळचे सिसिली बेटावरचे. संरक्षण खात्याशी संबंधित नोकऱ्यांमुळे कुटुंबाची सतत बदली होत राहिली आणि अखेर ते कॅलिफोर्नियात स्थिरावले. मुलाने प्रथम ड्रम आणि मग गिटार हाती घेतली. १९६६ मध्ये 'द मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' या त्यांच्या संचाची 'फ्रीक आउट!' ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे ५२ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी साठाहून अधिक ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांच्या अनेक गीतांचे शब्द कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापण्याजोगे नाहीत आणि त्या शब्दांचे समर्थन करण्याची गरजही नाही. मात्र रॉक संगीताच्या त्या काळात, जेव्हा मादक द्रव्ये ही जणू वादकाची ओळखच मानली जात होती, तेव्हा झॅपा स्वतः त्यांपासून दूर राहिले आणि दौऱ्यावर असताना आपल्या वादकांनाही त्यांनी ती वर्ज्य केली. कॉफी आणि सिगारेट मात्र त्यांना सुटली नाही.

वाद्यवृंदाचा नाद त्यांना शाळकरी वयात लागला आणि त्यामागे एक सौदा आहे. एदगार वारेझ या फ्रेंच-अमेरिकन संगीतकाराची एक ध्वनिमुद्रिका ऐकायला विचित्र आणि विकायला अवघड आहे, असे त्यांनी एका नियतकालिकात वाचले होते. बऱ्याच शोधानंतर ती एका दुकानात सापडली. दुकानदार तिचा उपयोग ध्वनिक्षेपक कसे वाजतात हे गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी करीत असे. किंमत होती ५ डॉलर ९५ सेंट. मुलाच्या खिशात तेवढे पैसे नव्हते. त्याने घासाघीस केली. पडून राहिलेला माल आहे हे जाणून दुकानदाराने ती उतरवून दिली. त्या तबकडीवरील ढोल, भोंगे आणि घंटा ऐकून घरातल्यांना काय वाटले असेल ते निराळे, पण मुलगा त्या संगीताने झपाटला. पंधराव्या वाढदिवशी आईने त्याच्यावर पाच डॉलर खर्च करण्याचे कबूल केले, तेव्हा त्याने वस्तू मागितली नाही. न्यूयॉर्कला वारेझ यांच्या घरी दूरध्वनी करू द्यावा, एवढेच मागितले. वारेझ त्या वेळी युरोपात होते आणि पत्नीने फोन घेतला. पुढे दोघांचे बोलणे झाले, वारेझ यांचे एक पत्रही आले आणि झॅपा यांनी ते चौकटीत बसवून जपले. भेट मात्र झाली नाही. १९६५ मध्ये वारेझ गेले.

झॅपा यांनी संगीताचे रीतसर शिक्षण जवळजवळ घेतले नाही. ग्रंथालयातील पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका हेच त्यांचे गुरुकुल. एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी लागते. त्यांना रॉकच्या गाण्यांना मागून व्हायोलिनचे मधुर आवरण द्यायचे नव्हते. तसा प्रकार पुष्कळांनी केला आहे आणि तो बाजारात खपतोही. झॅपा यांना वाद्यवृंदासाठी स्वतंत्र आणि अवघड संगीत लिहायचे होते. तसे ते लिहीत राहिले. विमानात, हॉटेलच्या खोल्यांत, मैफलींच्या मधल्या वेळात त्यांची लेखणी चालू असे.

लिहिणे हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त भाग होय. रॉक संचातील सहा-आठ वादक महिनोन् महिने एकत्र तालीम करतात, सारे तोंडपाठ करतात, रचनाकार समोर उभा असतो आणि चूक झाली तर तेथल्या तेथे सुधारतो. वाद्यवृंदाची रीत वेगळी. संगीतकार सर्व वाद्यांचे मिळून एक मूळ स्वरलेखन तयार करतो. त्यावरून प्रत्येक वादकासाठी त्याच्या वाद्यापुरती प्रत स्वतंत्रपणे उतरवून घ्यावी लागते. शंभर वादकांचा वृंद असेल तर हे काम करणाऱ्या नक्कलकारांचा पगार काही महिने, कधी काही वर्षे चालू राहतो. झॅपा यांनी असे नक्कलकार पगारावर ठेवले होते. त्यानंतर सभागृह, संचालकाचे मानधन, वादकांचे तासावारी वेतन, संघटनेच्या नियमाप्रमाणे मधली सुट्टी, वेळ उलटली तर वाढीव दर. तेव्हा कुठे पहिला सूर ऐकू येतो. यात सर्वांत महागडी वस्तू म्हणजे तालीम. म्हणून व्यावसायिक वृंद कार्यक्रमाआधी मोजक्याच तालमी करतात. बेथोव्हेनची सिंफनी असेल तर त्या पुरतातही, कारण प्रत्येक वादकाने ती वीस वेळा वाजवलेली असते. कोणीच कधी न ऐकलेली रचना त्याच मोजक्या तालमींत बसवायची, तर वादक चुकीचे सूर टाळतात आणि वेळ निभावून नेतात. संगीत व्हायचे राहून जाते.

झॅपा यांच्या रचना तर विशेष अडचणीच्या. आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी आड, कुआड, बिआड अशा लयी शिकतो. चार मात्रांच्या जागेत पाच किंवा सात अक्षरे समान अंतराने बसवणे ही कित्येक वर्षांच्या रियाजाची गोष्ट आहे. झॅपा यांना हीच चाल प्रिय होती. पाचांच्या गटातल्या दोन अक्षरांच्या जागी पुन्हा तीन, आणि ते संपते न संपते तोच सातांचा गट, असे ते लिहीत. 'द ब्लॅक पेज' ही त्यांची १९७६ मधील रचना प्रथम ड्रमवादनासाठी लिहिली गेली. कागदावर स्वरचिन्हांची इतकी दाटी होती की पान काळे दिसे, म्हणून ते नाव. एकटा तबलजी किंवा एकटा ड्रमवादक असे काही साधू शकतो. पण सोळा व्हायोलिनवादकांनी कागद पाहून, एकाच दिशेने गज ओढत, एकाच क्षणी ते साधायचे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. एकाचा गज निमिषभर मागे राहिला तरी ऐकणाऱ्याला चूक वादकाची वाटत नाही, रचनाच गढूळ आहे असे वाटते.

मोठ्या वृंदाबरोबर झॅपा यांचे नाव पहिल्यांदा गाजले त्यात मुंबईचा एक धागा आहे. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता तेव्हा लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा केला होता, त्यामुळे लोकांना अपरिचित संगीत ऐकवण्यासाठी काय खटाटोप करावा लागतो हे झुबिन यांनी घरातच पाहिले होते. १५ मे १९७० रोजी त्यांनी तेथील विद्यापीठाच्या पॉली पॅव्हिलियन या क्रीडागृहात आपला वृंद आणि झॅपांचा रॉक संच एकत्र उभा केला. हजारो तरुण आले. बास्केटबॉलसाठी बांधलेल्या वास्तूत तारवाद्यांचा नाजूक आवाज आणि विजेवर चालणाऱ्या गिटारींचा गजर यांचा मेळ बसणे कठीणच होते. कार्यक्रमाचा गाजावाजा झाला, पण झॅपा यांना हवी असलेली अचूकता हा त्या संध्याकाळचा उद्देशच नव्हता.

पुढल्याच वर्षी लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वृंदाला घेऊन '२०० मोटेल्स' हा चित्रपट तयार झाला. त्यातील संगीताचा जाहीर कार्यक्रम फेब्रुवारी १९७१ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ठरला होता. सभागृहाच्या व्यवस्थापनाने शब्द अश्लील ठरवून तो रद्द केला. झॅपा न्यायालयात गेले आणि १९७५ मध्ये हरले. व्यवस्थापनाची बाजू अगदीच गैरवाजवी होती असे म्हणता येत नाही. पण शब्दांबरोबर संगीतही बंद झाले ही हानी खरी. ही रचना लंडनमध्ये मंचावरून ऐकू येण्यासाठी २९ ऑक्टोबर २०१३ उजाडावा लागला. त्या दिवशी बीबीसी कॉन्सर्ट वाद्यवृंदाने ती रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये सादर केली. त्याआधी सहाच दिवस लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकनेही ती वाजवली होती. मेहतांच्या काळातल्या वादकांपैकी फार थोडे तोपर्यंत तेथे उरले असतील.

१९७५ च्या सप्टेंबरमध्ये झॅपा यांनी लॉस एंजेलिसमध्येच ३७ वादक गोळा करून आपल्या काही रचना ध्वनिमुद्रित केल्या. नंतर युरोपातील दोन-तीन वृंदांशी बोलणी झाली, प्रती उतरवून तयार झाल्या आणि सौदे फिसकटले. या काळात नक्कलकारांवर झालेला खर्च पूर्णपणे बुडीत खात्यात गेला, कारण त्यातून एकही सूर ऐकायला मिळाला नाही.

मग १९८३ चा जानेवारी आला. केंट नागानो हे तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि कॅलिफोर्नियातील बर्कली सिंफनी या लहानशा वृंदाचे संचालन करीत होते. झॅपा नावाचा रॉक गिटारवादक वाद्यवृंदासाठी लिहितो असे कळल्यावर त्यांनी स्वरलेखन मिळवून अभ्यासले आणि ते पाहून चकित झाले. हेच नागानो पुढे लिऑन, म्युनिक आणि माँट्रियल येथील मोठ्या संस्थांचे प्रमुख झाले. झॅपा यांनी त्यांना लंडनला नेले आणि स्वतःच्या पैशाने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा भाड्याने घेतला. शंभराहून अधिक वादक होते. त्याच्या आदल्याच वर्षी, कन्येबरोबर केलेले 'व्हॅली गर्ल' हे त्यांचे विनोदी गाणे अमेरिकेतील पहिल्या चाळीस गाण्यांत पोहोचले होते. असे यश त्यांना आयुष्यात एकदाच मिळाले. इतरांनी अशा वेळी त्याच धर्तीची आणखी चार गाणी काढली असती.

११ जानेवारीला बार्बिकन सभागृहात जाहीर कार्यक्रम झाला आणि नंतरचे तीन दिवस ट्विकनहॅम येथील चित्रपट स्टुडिओत ध्वनिमुद्रण. अभिजात संगीत सहसा मोजक्या मायक्रोफोनांवर, एका सलग घटनेसारखे ध्वनिमुद्रित करतात. झॅपा यांनी रॉकची पद्धत वापरली. वाद्यगटांजवळ पुष्कळ मायक्रोफोन लावले आणि चोवीस वेगवेगळ्या मार्गिकांवर आवाज साठवला, म्हणजे नंतर एकेका गटाचा आवाज कमी-जास्त करता येईल. ही खबरदारी उपयोगी पडली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की शेवटच्या सत्रात मधल्या सुट्टीत ट्रम्पेटवादक समोरच्या मद्यालयात गेले, उशिरा परतले आणि परतले ते धड वाजवण्याच्या स्थितीत नव्हते. वाढीव वेळ मिळण्याची शक्यता नव्हती. राहिलेली रचना होती 'स्ट्रिक्टली जेंटील', म्हणजे '२०० मोटेल्स'चा समारोप. जेमतेम सात मिनिटांची. चुकलेले सूर झाकण्यासाठी त्या सात मिनिटांत त्यांना अनेक ठिकाणी कापाकापी आणि जोडणी करावी लागली.

ही तक्रार वाचताना वादकांची बाजूही ध्यानात घ्यावी. हे युरोपातील अव्वल दर्जाचे वादक होते. अनोळखी, अवघड मजकूर त्यांच्यासमोर आला, थोड्या दिवसांत त्यांनी तो बराचसा वाजवून दाखवला, आणि पुढच्या सोमवारी त्यांना दुसऱ्याच संगीताकडे वळायचे होते. शिवाय लंडन सिंफनी ही कोणा मालकाची पेढी नव्हे. १९०४ पासून ती वादकांनीच चालवलेली संस्था आहे. म्हणजे मालकी वादकांची असली की मन लागते, असा सरळ नियम येथे लावता येत नाही. फरक होता तो नात्याचा. त्या सप्ताहापुरते झॅपा गिऱ्हाईक होते आणि वृंद आपला वेळ विकत होता. वेळ ठरल्याप्रमाणे मोजून दिला गेला. त्या वेळात मन घालणे करारात लिहिता येत नाही आणि शंभर माणसांत प्रत्येकाकडून ते मिळेल अशी अपेक्षाही करवत नाही. तरीही त्या दोन ध्वनिमुद्रिका आज ऐकताना 'मो अँड हर्ब्ज व्हेकेशन'मधील क्लॅरिनेटचा दीर्घ भाग मनात भरतो. तो वाजवणारे डेव्हिड ऑकर वृंदातले नव्हते. ते झॅपा यांचे नक्कलकार होते. प्रत्येक स्वरचिन्ह स्वतःच्या हाताने कागदावर उतरवलेला हा माणूस होता, आणि ते ऐकताना जाणवते.

याउलट पॅरिसमध्ये पैशाचा प्रश्न झॅपांच्या माथी नव्हता. पिअर बुलेझ हे युरोपातील आधुनिक संगीताचे मान्यवर धुरीण. त्यांचा 'आँसाँब्ल आंतेरकाँताँपोराँ' हा संच १९७६ पासून सरकारी अनुदानावर चालत होता. बुलेझ यांनी झॅपांकडून 'द परफेक्ट स्ट्रेंजर' ही रचना मागवून घेतली. तिची कल्पना मोठी गमतीची आहे. दारोदार फिरणारा व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेता एका घराची घंटा वाजवतो आणि पुढे जे घडते ते वाद्यांतून सांगितले जाते. घंटा पहिल्याच आवर्तनात ऐकू येते. फिरत्या विक्रीचा अनुभव असलेल्यांना विक्रेत्याची ती चाचपडणारी, लोचट चिकाटी वाद्यांत ओळखू येईल. ९ जानेवारी १९८४ रोजी तिचा पहिला प्रयोग झाला. येथेही तालमी अपुऱ्या पडल्या असे झॅपा यांचे म्हणणे होते. रंगमंचावर येऊन अभिवादन स्वीकारायलाही ते नाखूश होते. अनुदानाचा पैसा असो वा खिशातला, वेळापत्रकाची चौकट तीच राहते.

मधल्या काळात त्यांनी लहान संचांसाठीही लिहिले. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटसाठी 'नन ऑफ द अबव्ह' ही रचना झाली. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. तारवाद्यांच्या चौकडीत संचालक नसतो, चौघे एकमेकांच्या श्वासावर आणि गजाच्या हालचालीवर चालतात आणि चौघांना आठवडेच्या आठवडे तालीम करणे परवडते. अवघड लय मोठ्या वृंदात जिथे चिखल होते, तिथे चौघांत ती तारेसारखी स्वच्छ उमटू शकते. ही गोष्ट पुढे कामास आली.

पण तोपर्यंत माणसांवरचा त्यांचा विश्वास बराच उडाला होता. लाखाच्या वर डॉलर किंमत असलेले सिंक्लॅव्हिअर हे संगणकीय वाद्य त्यांनी विकत घेतले. त्यात सूर भरले की यंत्र ते हवे तसे, हव्या त्या वेगाने, न थकता आणि सुट्टी न मागता वाजवी. १९८६ मध्ये 'जॅझ फ्रॉम हेल' ही मुख्यतः याच यंत्रावरची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. नक्कलकार नाहीत, तालमी नाहीत, मद्यालय नाही. धंद्याच्या दृष्टीने निर्णय अचूक होता. त्या संगीतात एक कोरडेपणा आहे, तो मात्र कानाला लपत नाही. माणूस अवघड उडी घेतो तेव्हा ऐकणाऱ्याचाही श्वास क्षणभर अडकतो. यंत्राच्या बाबतीत पडण्याचे भय नसल्याने उडीचे कौतुकही उरत नाही.

अशा वेळी फ्रँकफर्टचा आँसाँब्ल मोडर्न हा संच त्यांच्याकडे आला. १९८० मध्ये तरुण वादकांनी स्थापन केलेल्या या संचात वादक हेच भागीदार. कोणते संगीत घ्यायचे, कोणाबरोबर काम करायचे, हे सर्व मिळून ठरवतात आणि त्यातली जोखीमही सर्व मिळून उचलतात. तेव्हा संख्या पंचवीसच्या आसपास होती. लंडनमध्ये झॅपा वादकांकडे गेले होते, येथे वादक त्यांच्याकडे आले, आणि फरक तेथून सुरू झाला. १९९१ च्या उन्हाळ्यात हा सारा संच लॉस एंजेलिसला जाऊन दोन आठवडे झॅपांबरोबर राबला. कार्यक्रम व्हायचा होता पुढल्या वर्षी. तिकीटविक्रीला वर्षभर अवकाश असताना केलेली तालीम कोणत्याही व्यवस्थापकाला हिशेबात बसवता आली नसती.

झॅपा तेव्हा आजारी होते. १९९० मध्ये प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते आणि तोवर तो पसरला होता. त्या दोन आठवड्यांत त्यांनी वादकांना हाताच्या खुणांवरून तत्क्षणी संगीत रचायला शिकवले, कोणाला काय जमते, कोणाचा स्वभाव कसा, हे पाहिले. ओबोवादिका कॅथरिन मिलिकन यांना ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू हे वाद्य येते असे दिसताच त्यालाही स्थान मिळाले. पियानोवादक हेरमान क्रेट्श्मार यांच्या जर्मन उच्चारांत अमेरिकेत प्रवेश करणाऱ्या परदेशी प्रवाशाला भरून द्यावा लागणारा सरकारी अर्ज, त्यातल्या साऱ्या प्रश्नांसह, वाचून घेतला आणि मागे वृंदाची साथ ठेवली. बँकेत किंवा कचेरीत अर्ज भरण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी ही रचना अवश्य ऐकावी.

यंत्रासाठी लिहिलेल्या काही रचनाही वादकांनी मागून घेतल्या. यंत्रातून छापून निघालेले लेखन माणसाला वाचता येण्यासारखे नव्हते, कारण यंत्र प्रत्येक सूर सेकंदाच्या क्षुल्लक अंशाने मोजते. ते पुन्हा मात्रांच्या भाषेत उतरवावे लागले. वृंदासाठीची बरीच मांडणी अली आस्किन यांनी केली. संचालक पीटर रुंडेल हे याच संचातले व्हायोलिनवादक होते. त्यामुळे गज कुठे वळवता येईल आणि कुठे हात तोकडा पडेल, हे त्यांना स्वतःच्या खांद्यावरून ठाऊक होते.

सप्टेंबर १९९२ मध्ये 'द यलो शार्क' या नावाने फ्रँकफर्ट, बर्लिन आणि व्हिएन्ना येथे कार्यक्रम झाले. नाव पडले ते फायबरग्लासच्या एका पिवळ्या माशावरून. एका चाहत्याने तो झॅपांना दिला होता आणि संचाच्या व्यवस्थापकाला तो आवडला म्हणून झॅपांनी पुढे त्याला देऊन टाकला. तारवाद्यांच्या पंचकासाठी, म्हणजे चौकडी आणि एक डबल बास, काही रचना कार्यक्रमात होत्या. 'नन ऑफ द अबव्ह'ही त्यात होती. मोठ्या गजरानंतर हे पाच जण वाजवू लागत तेव्हा सभागृह अगदी स्तब्ध होई. पाच आणि सातांचे गट एकमेकांवर चढत-उतरत जातात, पण कोठेही घाई जाणवत नाही.

अखेरची रचना होती 'जॅझ फ्रॉम हेल'मधली, यंत्रासाठीच लिहिलेली, माणसाला अशक्य समजली गेलेली अतिवेगवान रचना. तिचे शीर्षक येथे न दिलेलेच बरे. पंचवीस माणसांनी ती लाकूड, तार, पितळ आणि कातडे यांवर वाजवली. यंत्राइतकी ती अचूक नाही. क्वचित एखादा सूर घसटतो, एखाद्या वादकाला दम लागलेला ऐकू येतो, आणि नेमके त्यामुळेच ती यंत्रावरच्या मूळ रूपापेक्षा जिवंत वाटते. फ्रँकफर्टमध्ये झॅपा मंचावर आले, काही भागाचे संचालन केले. लोक उभे राहून किती तरी वेळ टाळ्या वाजवत राहिले. त्यानंतरच्या प्रयोगांना जाण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. बर्लिन आणि व्हिएन्नाचे कार्यक्रम त्यांच्याविना झाले आणि उत्तम झाले. संगीतकार समोर नसताना संगीत उभे राहिले, म्हणजे ते वादकांच्या ताब्यात गेले होते.

ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९९३ मध्ये निघाली आणि ४ डिसेंबरला झॅपा वारले. त्याआधी त्या उन्हाळ्यात त्यांनी आँसाँब्ल मोडर्नला पुन्हा लॉस एंजेलिसला बोलावले होते. या वेळी स्वतःच्या रचनांसाठी नव्हे, तर वारेझ यांच्या. ते ध्वनिमुद्रण अनेक वर्षे अप्रकाशित राहिले. वादक मात्र थांबले नाहीत. झॅपांच्या आणखी रचना त्यांनी आपणहून वृंदासाठी बसवल्या आणि २००३ मध्ये 'ग्रेगरी पेकरी अँड अदर पर्सुएशन्स' ही ध्वनिमुद्रिका काढली. त्या तालमींचे पैसे द्यायला तेव्हा झॅपा नव्हते.